देव, देश आणि कुटुंब

(मंडळाच्या वर्धापनदिनी वाचून दाखविलेले भाषण)



भाषण करण्याची माझी ही पहिलीच वेळ. आजवर या मंडळात मी सतरंज्या घातल्या, चहाची भांडी विसळली आणि वर्गणीच्या वहीत आकडे लिहिले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा जे सांगावयाचे ते कागदावर लिहून आणले आहे. परकी नावे वाचताना जीभ अडखळेल, तेवढे सांभाळून घ्या.

विषय मी निवडला नाही, तोच माझ्या मानगुटीवर येऊन बसला. २०२४ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे विधानसभेची निवडणूक होती, तेव्हाची गोष्ट. मंडळाची बैठक आटोपून आपण चौघीजणी पायऱ्यांवर बोलत उभ्या होतो. आपल्यातील एकीने अगदी सहज, मनात काही न ठेवता मला विचारले, "तुमचे बरे असते बाई. फादरांनी सांगितले की सगळ्यांची मते एका ठिकाणी. आमच्यासारखी घरोघरी भांडणे नाहीत." मी हसून म्हटले, "छे हो, तसे काही नसते." पण घरी जाऊन भात लावला आणि मला चैन पडेना. कारण त्याच आठवड्यात माझ्या फोनवर अमेरिकेतील एका नातलगाने लांबलचक मजकूर धाडला होता. तिकडेही त्याच महिन्यात निवडणूक झाली. मजकुराचा सारांश असा, की जो खरा ख्रिस्ती असेल तो जुने वळण राखणाऱ्या पक्षालाच मत देईल, आणि न देईल त्याने आपल्या श्रद्धेची तपासणी करून घ्यावी. मी तो वाचला आणि आणखी तिघींना पुढे पाठविला. का पाठविला? देवाचे नाव होते म्हणून! विचार असा काही केलाच नाही.

मग 'तसे काही नसते' हे मी कोणत्या तोंडाने म्हणाले?

माझी मुलगी कॉलेजात इतिहास शिकते. तिला मी हे सांगितले. ती म्हणाली, "आई, अमेरिकेतसुद्धा हे असेच पहिल्यापासून चालत आले आहे असे नाही." १९७९ साली जेरी फॉलवेल नावाच्या एका पाद्र्याने 'मॉरल मेजॉरिटी' नावाची संघटना काढली आणि देवळात जाणाऱ्या माणसांना रोनाल्ड रेगन यांच्या पाठीशी उभे केले. १९८० च्या निवडणुकीत रेगन जिंकले. आता गंमत पाहा. हरले ते जिमी कार्टर. हे गृहस्थ दर रविवारी चर्चमध्ये बायबल शिकविणारे, आणि जन्मभर एकाच बायकोबरोबर संसार केलेले. जिंकलेल्या रेगन यांचा मात्र पहिला विवाह घटस्फोटाने संपलेला होता. आणि ज्या मार्टिन ल्यूथर किंग यांनी काळ्या लोकांच्या हक्कांसाठी प्राण दिले, तेही पाद्रीच होते, त्यांच्या चळवळीचे घर चर्चच होते. तेव्हा श्रद्धा एकाच दारात बांधलेली असते, हे म्हणणे तिकडच्याच इतिहासाला धरून नाही.

परंतु अमेरिका लांब पडली. आमच्या वसईच्या ख्रिस्ती माणसांची आडनावे, आमची देवळे, आमच्या जपमाळेचे काही शब्द आले ते पोर्तुगालहून. म्हणून मुलीने मला पोर्तुगालचे एक चित्र आणून दिले. ते मी बरोबर आणले आहे. मागून फिरवीत पाठवा, चुरगळू देऊ नका.

हे चित्र १९३८ चे आहे. पोर्तुगालात तेव्हा सालाझार यांचे राज्य होते. ते सत्तेच्या जागी आल्याला दहा वर्षे झाली, म्हणून सरकारने शाळांच्या भिंतींवर लावण्यासाठी चित्रांची एक माला छापली. तिचे नावच 'सालाझारचा धडा'. त्यांतील हे एक. खेड्यातील साधे घर आहे. नवरा शेतावरून अवजार घेऊन परत आला आहे. बायको चुलीपाशी आहे. मुले बापाच्या येण्याने हरखली आहेत. घरात देव्हारा आहे, त्यावर क्रूस. जेवणाची तयारी आहे. बाहेर दूर उंचावर किल्ला आणि त्यावर देशाचा झेंडा. आणि शब्द तीन : देव, देश, कुटुंब.

खरे सांगू? पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला हे चित्र फार आवडले. यात वाईट काय आहे, असेच मी मुलीला म्हटले. आमच्या सासऱ्यांचे घर असेच होते. सासरे वाडीतून येत, सासूबाई चुलीपाशी, मधल्या खोलीत क्रूस, आणि तिन्हीसांजेला सगळे गुडघे टेकून बसत. त्या घरात मी सून म्हणून आले आणि त्या प्रार्थनेने मला आधार दिला. ते खोटे होते असे मी आजही म्हणणार नाही. चित्रातल्या तिन्ही गोष्टी मला प्रिय आहेत. म्हणूनच तर हा विषय मला अवघड गेला. जे आपल्याला आवडत नाही त्याच्यावर टीका करणे सोपे असते.

सालाझार हा मनुष्यही तसा ढोंगी नव्हता. १८८९ साली एका लहान गावात गरीब शेतकरी घरात त्याचा जन्म झाला. पाद्री होण्यासाठी तो सेमिनरीत आठ वर्षे शिकला, पण पाद्री न होता कोइंब्राच्या विद्यापीठात प्राध्यापक झाला. तेथे तो ज्यांच्याबरोबर एका घरात राहिला ते मित्र सेरेजेरा पुढे १९२९ साली लिस्बनचे मुख्य धर्मगुरू झाले. म्हणजे देशाच्या गादीवर एक मित्र, धर्माच्या गादीवर दुसरा. सालाझार १९२८ साली अर्थमंत्री, १९३२ साली पंतप्रधान झाला, तो थेट १९६८ पर्यंत. लग्न केले नाही. सरकारी बंगल्याच्या आवारात त्याची घर सांभाळणारी बाई कोंबड्या पाळीत असे. स्वतः साधे राहावयाचे, आणि सगळ्या देशाला आपल्या घरासारखे गप्प व नीटनेटके ठेवावयाचे, असा खाक्या.

पोर्तुगालच्या श्रद्धावान माणसांनी अशा माणसाला डोक्यावर का घेतले, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. १९१० साली तेथला राजा गेला आणि प्रजासत्ताक आले. नवे राज्यकर्ते स्वतःला पुढारलेले म्हणविणारे. त्यांनी मठांतल्या जोगिणींना आणि जेझुइटांना देशाबाहेर घालविले, १९११ च्या कायद्याने चर्चची मालमत्ता सरकारजमा केली, पाद्र्यांनी रस्त्यात झगा घालण्यावरही बंधन आणले. आमच्या घरोघरी फातिमा मातेची तसबीर असते, तुम्ही पाहिली आहे. १९१७ साली फातिमाच्या ज्या तीन मेंढपाळ मुलांनी मातेचे दर्शन झाले म्हणून सांगितले, ती दहा, नऊ आणि सात वर्षांची होती. तेथल्या सरकारी अधिकाऱ्याने त्या पोरांना उचलून नेऊन डांबून ठेवले. शिवाय सोळा वर्षांत पंचेचाळीस सरकारे झाली! अशा वेळी कोणी येऊन म्हणाले, की तुमचे देऊळ मी राखतो, तुमचा क्रूस शाळेत पुन्हा लावतो, दर चार महिन्यांनी सरकार पडणार नाही, तर कोणत्या आईने दार लावून घेतले असते? मी तरी लावले नसते.

आणि बायकांविषयी त्या पुढारलेल्यांची कथा ऐका. १९११ च्या कायद्यात लिहिले होते, की एकवीस वर्षांवरील जो नागरिक साक्षर असेल किंवा कुटुंबाचा प्रमुख असेल त्याला मत. कारोलिना बियात्रिझ आंजेलो नावाच्या एक डॉक्टरीणबाई होत्या, विधवा. त्या म्हणाल्या, "मी साक्षर आहे, आणि नवऱ्यामागे मुलीला मीच सांभाळते, म्हणजे कुटुंबाची प्रमुखही मीच." कोर्टात गेल्या, जिंकल्या आणि २८ मे १९११ रोजी मत देऊन आल्या. मग काय झाले? १९१३ साली त्या शहाण्यांनी कायद्यात 'पुरुष' हा शब्द घालून भोक बुजविले. देवाला न मानणारेही चुलीपाशी आम्हांलाच बसवितात, एवढे लक्षात ठेवा.

उलट, बायकांना मत दिले ते सालाझारच्या राजवटीने, १९३१ साली. पण कोणाला? जिने माध्यमिक शाळा किंवा त्यापुढचे शिक्षण पुरे केले असेल तिला. पुरुषाला मात्र लिहिता-वाचता आले की पुरे. मी हे वाचले तेव्हा थांबले. म्हणजे मला मत मिळाले नसते! माझ्या सातवीने काम भागले नसते; आणि जेमतेम पत्र वाचणारा कोणीही बाप्या माझ्या पुढे रांगेत उभा राहिला असता. आपल्या देशात १९५१-५२ च्या पहिल्याच निवडणुकीत अंगठा उमटविणाऱ्या आजीलाही मत होते. ज्यांनी ते ठरविले त्यांचे आपण कधी आभार मानत नाही.

१९३३ साली सालाझारने नवी राज्यघटना केली. तीत सर्व नागरिक समान म्हटले आणि लगेच पुढे जोडले, की स्त्रीच्या बाबतीत तिच्या स्वभावामुळे आणि कुटुंबाच्या हितासाठी जो फरक करावा लागेल तो सोडून. या एका शेपटाने केवढे काम केले पाहा. १९३६ पासून शिक्षिकेला लग्न करावयाचे तर सरकारची परवानगी, आणि होणाऱ्या नवऱ्याची मिळकत व वर्तणूक सरकार तपासणार. रुग्णालयातील परिचारिकांना लग्नच करता येत नव्हते; ती बंदी १९६३ साली उठली. लग्न झालेल्या बाईला परदेशी जावयाचे तर नवऱ्याची लेखी संमती हवी, ते १९६९ पर्यंत. बायकोला आलेले पत्र फोडण्याचा नवऱ्याचा हक्क तर १९७६ साली गेला. १९४० साली पोपबरोबर करार झाला. त्यात ज्यांचे लग्न देवळात लागले त्यांना सरकारी घटस्फोटही नाही असे ठरले. हे सर्व देवाच्या आणि कुटुंबाच्या नावाने.

येथे मला माझी एक गोष्ट सांगावी लागेल. सांगू की नको, याचा मी आठ दिवस विचार केला.

दहा-बारा वर्षांपूर्वी नात्यातील एक मुलगी रात्री माझ्या दारात आली. ओठ फुटला होता, पायात चप्पल नव्हती. मी तिला आत घेतले, हळद लावली, दूध-पाव दिला, माझ्या मुलीशेजारी निजविले. आणि सकाळी तिला परत पाठविले. म्हणाले, लग्नाची गाठ देवाची, ती आपण सोडवायची नसते. कुटुंब मोडले तर मुलांनी कोठे जावे. तू प्रार्थना कर, तो सुधारेल. ती गेली. आणखी एकदा आली, तेव्हाही मी हेच म्हटले. तिसऱ्या वेळी ती माझ्याकडे आली नाही. दुसरीकडे गेली, परक्या माणसांकडे, आणि त्यांनी तिला ठेवून घेतले.

मला कोणी पोलीस पाठवून हे बोलावयास लावले नव्हते. कोणी फादर सांगावयास आले नव्हते. ते चित्रच माझ्या डोक्यात कोणीतरी खिळ्याने ठोकून ठेवले होते. चित्र सुंदर होते, आणि ते बिघडू नये म्हणून मी त्या पोरीला पुन्हा चुलीपाशी नेऊन बसविली. चित्रात तिचा ओठ दिसत नव्हता. ती आता वेगळी राहते, शिवणकाम करते, मुलांना वाढविते. मागच्या नाताळात मी करंज्यांचा डबा घेऊन गेले. तिने डबा घेतला. आत ये म्हणाली नाही.

आपल्या कायद्याचेही सांगते. आम्हां ख्रिस्ती बायकांना घटस्फोटासाठी १८६९ चा, इंग्रजांनी केलेला कायदा होता. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोला मात्र व्यभिचार आणि त्यावर छळ किंवा टाकून देणे, असे दुहेरी सिद्ध करावे लागे. म्हणजे नुसता मार खाल्ला तर तो मार कायद्याच्या हिशेबात पुरेसा नव्हता. हा भेद २००१ साली गेला. माझ्याकडे ती मुलगी आली तेव्हा कायदा बदलून बरीच वर्षे झाली होती. कायदा माझ्या पुढे गेला होता आणि मी १८६९ सालीच बसून होते!

असो. आता गोव्याकडे वळते, कारण तेथे 'देश' या शब्दाचे काय झाले ते दिसते.

१९४७ नंतर आपण गोवा परत मागितला. सालाझार म्हणे, की गोवा ही वसाहत नव्हेच, पोर्तुगालचाच तुकडा आहे, आणि पूर्वेकडे लावलेला तो ख्रिस्ती पश्चिमेचा दिवा आहे. गोव्यात त्या वेळी निम्म्याहून अधिक माणसे हिंदू होती, ती या दिव्याच्या उजेडात कोठे बसतात ते त्याने सांगितले नाही. पण मला विशेष वाटते ते गोव्यातील ख्रिस्ती माणसांचे. 'ख्रिस्ती असाल तर आमच्या बाजूचे' असे ज्यांना सांगण्यात आले त्यांपैकीच त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा, चांदर गावचे. १९२८ साली त्यांनी गोवा काँग्रेस कमिटी स्थापन केली. १९४६ साली लोहियांनी मडगावला सभा घेतली, त्याच वर्षी कुन्हांना पकडून लष्करी कोर्टापुढे उभे केले, आठ वर्षांची शिक्षा दिली आणि पोर्तुगालातील किल्ल्यात नेऊन ठेवले. सुटून ते मुंबईस आले आणि १९५८ साली मुंबईतच वारले, गोवा सुटलेला न पाहता. पीटर अल्वारिस दुसरे. आणि लिबिया लोबो या तर ख्रिस्ती घरातील वकीलबाई. १९५५ पासून १९६१ पर्यंत वामन सरदेसाई यांच्याबरोबर सीमेवरच्या रानात लपून त्यांनी रेडिओ चालविला, आधी आंबोलीच्या बाजूला आणि मग कॅसलरॉककडे. पुढे त्या दोघांनी लग्न केले. २०२५ साली, वयाची शंभरी गाठल्यावर, लिबियाबाईंना पद्मश्री मिळाली. महाराष्ट्रातून गेलेल्या सुधाताई जोशी, आपल्या महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी, यांनी १९५५ साली म्हापशास सभेचे अध्यक्षपद स्वीकारले आणि तुरुंगवास पत्करला, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. एकीच्या गळ्यात क्रूस, दुसरीच्या गळ्यात मंगळसूत्र. तुरुंगाचा धाक दोघींना सारखाच.

गोव्यातील अनेक साध्या ख्रिस्ती माणसांना भीतीही वाटत होती, की पोर्तुगीज गेले तर आपले देऊळ, आपली रीत बुडेल. त्यांना मी दोष देत नाही. भीतीला दोष देऊन ती जात नाही. पण काय झाले? १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. आणि ज्या नोव्हेंबरात मला तो अमेरिकेचा मजकूर आला, त्याच २०२४ च्या नोव्हेंबरात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या पवित्र अवशेषांचे दर्शन सुरू झाले, दर दहा वर्षांनी होते तसे. आमच्या वसईचे तर त्याहून जुने. पोर्तुगीज येथून १७३९ साली गेले. राजा उरला नाही, किल्ला पडका झाला. जपमाळ चालूच आहे.

माझ्या सासूबाई आता ऐंशीच्या घरात आहेत. १९६४ च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईस आले, तेव्हा ओव्हल मैदानावर त्या गेल्या होत्या. एकोणीस वर्षांच्या, नुकतेच लग्न झालेले, कमरेला भाकरीचे फडके बांधून पहाटेच्या गाडीने. पोप लांबून मुठीएवढे दिसले, पण दिसले, हे त्या आजही सांगतात. जाताना पोपनी आपली मोटार मदर तेरेसांना देऊन टाकली, हे सांगताना तर त्यांचा चेहरा फुलतो. भाषणासाठी वाचताना मला आढळले, की या येण्याने पोर्तुगालच्या सरकारला भयंकर राग आला होता. तीन वर्षांपूर्वी ज्या देशाने गोवा घेतला त्या देशात पोपनी जावे, हा त्यांनी आपला अपमान मानला. मी सासूबाईंना हे वाचून दाखविले. त्या जपमाळ हातातच ठेवून म्हणाल्या, "पोपवर रागावला? आणि स्वतःला मोठा कॅथलिक म्हणवीत होता ना?" मी म्हटले, "होय." "मग त्याचा देव निराळा असेल," म्हणाल्या, आणि पुढचा मणी ओढला. मी चार दिवस पुस्तके चाळून जे शोधीत होते ते त्यांनी एका मण्यात सांगितले!

तरी मी सासूबाईंशी पूर्ण सहमत नाही. देव निराळा नसावा; देव तोच असतो, पण आपण त्याला आपल्या कामाला लावतो, जसे घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या नावावर रेशनकार्ड काढतात. सालाझारने तेच केले. आणि हे त्याच्या तोंडावर सांगणारा एक मनुष्य त्याच देशात, त्याच चर्चमध्ये निघाला, म्हणून मी ही सर्व कथा आज सांगू शकते.

ते पोर्तो शहराचे बिशप, आंतोनिओ फेरेरा गोम्स. १९५८ च्या जूनमध्ये तेथे अध्यक्षपदाची निवडणूक झाली. देल्गादो नावाचे सेनापती सरकारविरुद्ध उभे राहिले, लोकांनी रस्ते भरून त्यांचे स्वागत केले आणि शेवटी सरकारी उमेदवारच निवडून आल्याचे जाहीर झाले. जुलै महिन्यात बिशपांनी सालाझारला लांब पत्र लिहिले. खेड्यातील माणसांच्या दारिद्र्याबद्दल लिहिले. कामगारांना आपली संघटना करू द्या, कॅथलिकांना आपल्या बुद्धीने राजकारणाचा विचार करू द्या, सरकारच्या पदराला बांधल्यामुळे चर्च गरिबांच्या मनातून उतरत आहे, अशा अर्थाचे लिहिले. ते क्रांतिकारक वगैरे नव्हते हो! मिस्सा तीच, धर्ममत तेच. पण पुढच्या वर्षी ते परदेशी गेले तेव्हा त्यांना परत येऊ दिले नाही. दहा वर्षे, १९६९ पर्यंत, हा बिशप आपल्या माणसांपासून दूर राहिला. लिस्बनच्या गादीवर त्या वेळी सालाझारचे कॉलेजातले मित्रच बसलेले होते.

ठिणगी मात्र राहिली. १९७२ च्या ३० डिसेंबरला लिस्बनमधील रातो नावाच्या लहान प्रार्थनामंदिरात काही कॅथलिक माणसे जमली आणि आफ्रिकेत चाललेल्या वसाहतींच्या युद्धाविरुद्ध प्रार्थना व उपास करीत बसली. दुसऱ्या दिवशी पोलीस देवळात शिरले आणि लोकांना धरून नेले. काहींच्या सरकारी नोकऱ्या गेल्या. देवाचे राज्य म्हणविणाऱ्यांनी प्रार्थना करणाऱ्यांना पकडावे! सालाझार तोवर वारला होता. १९६८ साली खुर्चीवरून पडून तो आजारी झाला, सत्ता दुसऱ्याकडे गेली, आणि असे सांगतात की १९७० साली मरेपर्यंत भोवतालच्यांनी त्याला भासवत ठेवले की तूच अजून राज्य करतो आहेस. २५ एप्रिल १९७४ ला ती राजवट गेली. पुढच्याच वर्षी पोपबरोबरचा करार बदलून देवळात लग्न झालेल्यांनाही सरकारी घटस्फोटाची मोकळीक झाली. फातिमाची यात्रा त्यापूर्वी भरत होती तशी आजही भरते.

अमेरिकेतील त्या नातलगाला मी अजून उत्तर लिहिलेले नाही. मुलगी म्हणते, हे चित्रच पाठवून दे. पण नुसते चित्र पाठविले तर त्याला ते आवडेल, मला पहिल्यांदा आवडले तसेच. मग पुढचे सगळे लिहावे लागेल, त्या पोरीच्या ओठासकट, आणि ते फोनवर बोटाने लिहिणे मला जमत नाही. ज्या तिघींना मी तो मजकूर पुढे धाडला होता त्यांना मात्र घरी जाऊन सांगून आले, की तो माझा विचार नव्हता. त्यांतली एक म्हणाली, "मी तर वाचलाच नाही." दुसरीने वाचला होता आणि तिला तो पटला होता. तिचा-माझा त्यावर तासभर वाद झाला. तिचे म्हणणे, देऊळ राखणाऱ्याला मत द्यावयाचे नाही तर कोणाला? तो वाद अजून मिटलेला नाही. पुढच्या गुरुवारी ती माझ्याकडे यावयाची आहे.

आणि पायऱ्यांवर जिने मला विचारले होते तिला उत्तर देते. ती समोरच बसली आहे, आणि तिचे नाव मी घेणार नाही असे तिला कबूल केले आहे. बाई, आमच्या घरात २०२४ साली मते तीन निरनिराळ्या ठिकाणी गेली. सासूबाईंनी कोणाला दिले ते त्या मला आजपर्यंत सांगत नाहीत.

चित्र सगळ्यांनी पाहिले असेल तर पुढे पाठवून द्या, मुलीला ते कॉलेजात परत न्यावयाचे आहे. बराच वेळ घेतला, चहाला उशीर झाला आहे.